डेन्मार्कचे दुःख आणि बडीशेप

माणसाने दुसऱ्याच्या दुःखाने दुःखी व्हावे, असे सगळ्या संतांनी सांगून ठेवले आहे. पण ते दुःख रात्री जेवणे आटोपल्यावर, आरामखुर्चीत पाय लांब करून, तोंडात बडीशेप टाकून केले तर चालते का, याविषयी संतवाङ्मय मौन पाळून आहे. मला हा प्रश्न पडला तो डेन्मार्कमुळे. डेन्मार्कशी तसा माझा काही संबंध नाही. शाळेत त्याची राजधानी पाठ केली होती, तेवढाच. हल्ली मात्र माझ्या बऱ्याचशा रात्री कोपनहेगनात जातात.

‘द किलिंग’ ही तिथली मालिका डेन्मार्कमध्ये 2007 साली दाखवली गेली. एरवी डिटेक्टिव्ह गोष्टीत प्रेताला फारसा मान नसतो. पहिल्या पाच मिनिटांत ते सापडते आणि मग सगळे जण त्याला विसरून बुटांचे ठसे मोजायला लागतात. इथे भाग 20 आणि खून एकच. एक भाग म्हणजे एक दिवस. फेरो बेटांवरचा विणलेला स्वेटर घालून सारा लुंड खुनी शोधते हे खरेच, पण कॅमेरा पुन्हा पुन्हा त्या मुलीच्या घरी जाऊन बसतो. बाप लोकांचे सामान हलवण्याचा धंदा करणारा. जगाची कपाटे उचलणारा हा गडी, पण त्याला स्वतःचे ओझे उचलत नाही. त्याला पाहून माझ्या घशात आवंढा येतो. आणि भाग संपला की मी म्हणतो, “वा! काय मजा आली!”

मजा?

हा आरोप जुना आहे. सेंट ऑगस्टीनला म्हातारपणी नव्हे, चांगल्या चाळिशीत प्रश्न पडला, की तरुणपणी नाटके बघून रडायला आपल्याला इतके का आवडायचे? 1758 साली रूसोने तर दालांबेरला लांबलचक पत्र लिहून जिनिव्हात नाटकगृह नकोच असे बजावले. त्याचा मुद्दा बिनतोड. नाटकात चार आसवे ढाळली, की आपण फार दयाळू आहोत असे वाटते आणि खऱ्या दुःखितासाठी खिशात हात घालायचे राहून जाते. रूसोने स्वतः नाटके लिहिली होती, म्हणजे ही घरच्याच भेद्याची साक्ष.

आपल्याकडे भट्टनायकाने यावर तोडगा काढला होता, साधारणीकरणाचा. रंगभूमीवरचे दुःख ना नटाचे उरते, ना रामाचे, ना आपले. कोणाचेच नसते म्हणून त्याचा आस्वाद घेता येतो. तोडगा झकास आहे. फक्त कोणाचेच नसलेले दुःख पाहून उठल्यावर, कोणाचे तरी असलेल्या दुःखाचे काय करायचे, ते शिल्लक राहते.

विनोदाची तरी काय गत? ‘डिनर फॉर वन’ हे छोटे इंग्रजी प्रहसन जर्मन टेलिव्हिजनने 1963 साली हँबुर्गला टिपले, आणि जर्मन लोक ते वर्षानुवर्षे 31 डिसेंबरला बघतात. मिस सोफीचा नव्वदावा वाढदिवस. चारही पाहुणे कधीच निवर्तलेले. त्यांच्या रिकाम्या खुर्च्यांपुढचे पेले बटलर जेम्स स्वतःच रिचवतो. चार वाढपे, प्रत्येकाचे चार पेले, एकूण 16. तो वाघाच्या कातड्याला अडखळतो, आपण पोट धरून हसतो. म्हणजे कशाला हसतो? एकट्या पडलेल्या म्हातारीला? नाही. तिला एकटे पडू न देण्यासाठी झोकांड्या खाणाऱ्या माणसाला हसतो. ते हसू तिच्यापासून लांब नेत नाही, जवळच नेते.

रूसोचे म्हणणे मी आमच्या हिला समजावून सांगितले.

“मग करायचं काय म्हणतो तो?”

“नाटकगृह नको म्हणतो.”

“म्हणजे लोक उठून शेजाऱ्यांकडे जाणार होते वाटतं? अहो, ज्यांना जायचं नाही ते झोपतील!”

रूसोला हे कोणी सुचवले नव्हते. मग थोड्या वेळाने ही म्हणाली, “आपल्याकडे तेरावं झालं की माणसं यायची थांबतात. त्या पोरीच्या घरी मात्र ते विसाव्या दिवसापर्यंत बसून राहिले.”

खालच्या मजल्यावरच्या काका जाऊन तेव्हा महिना झाला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी ही काकूंकडे गेली ती दिवेलागणीला परतली. “डेन्मार्कचा परिणाम?” मी विचारले.

“छे! त्यांचा डबा राहिला होता आपल्याकडे, तो द्यायला गेले होते.”

मला वाटते, रूसोचा हिशोब इथेच चुकतो. पडद्यावर रडल्याने देणे फिटते असे तो समजतो. पण परक्याचे दुःख घरी येते ते शेजारणीच्या भरल्या डब्यासारखे. आपण ते चवीने खातो यात पाप नाही. फक्त तो डबा कधीतरी, कुठल्यातरी दारात परत द्यायचा असतो आणि आपल्यात तो रिकामा देत नाहीत.

हिने त्यात थालीपिठाची भाजणी घातली होती.