वैद्याची नाडी कोणी पाहावी?

मनुष्याने आपला उद्धार आपणच करावा, असा जो उपदेश गीतेच्या सहाव्या अध्यायात आहे, त्याच्या आडोशाने आपल्याकडे पुष्कळ निष्ठुरपणाही खपून गेला आहे. आणि दिवसभर परक्यांची दुःखे ऐकणारा डॉक्टर स्वतःच्या विषण्ण मनासाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यास का कचरतो, याचा विचार करताना प्रथम त्या निष्ठुरपणाचीच झडती घ्यावी लागते. ज्याने वैद्यकशास्त्र कोळून प्यायले त्याला आपले मन आवरत नाही, ही कबुली समाजाला, आणि त्याहून अधिक त्या डॉक्टरला स्वतःला, धर्मच्युतीसारखी वाटते. वैद्याला नारायण म्हणण्याचा प्रघात या संकोचात भरच घालतो. वास्तविक ज्या श्लोकावरून तो पडला, त्याचा रोख देह जर्जर झाल्यावर नारायणालाच वैद्य मानावे असा आहे. आपण तो सोयीने उलटा फिरवून वैद्याच्या माथी देवत्व मारले, आणि देवाला आजारी पडण्याची मुभा नसते.

राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या कृतिदलाने २०२४ साली दिलेल्या अहवालात, पाहणीत सहभागी झालेल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांनी आत्महत्येचे विचार मनात येऊन गेल्याचे नमूद केले आहे, आणि निवासी डॉक्टरांना आठवड्यात ७४ तासांहून अधिक काम देऊ नये अशी शिफारसही तेथेच आहे. ७४ हा आकडा सवलत म्हणून मांडावा लागतो, यावरून प्रत्यक्ष स्थिती ताडावी. अशा श्रमाने मोडलेल्या मनाला ध्यानधारणेचा उपदेश करणे ही मला शुद्ध प्रतारणा वाटते. तथापि कामाचा भार हलका झाला तरी पाऊल अडतेच; कारण ज्या मानसोपचार विभागात केसपेपर काढायचा, तेथील डॉक्टर कालचे सहाध्यायी असतात, वॉर्डातील सिस्टर ओळखीच्या असतात, आणि खिडकीवरच्या कारकुनालाही नाव ठाऊक असते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला खरा, पण कुजबुजीवर कायद्याचा अंमल चालत नाही.

स्वावलंबनाचा अभिमान बाळगणाऱ्यांना लिओनिद रोगोझोव या सोव्हिएत डॉक्टरचे उदाहरण प्रिय वाटेल. १९६१ साली अंटार्क्टिकावरील नोवोलाझारेव्स्काया केंद्रात त्याने स्वतःचे आंत्रपुच्छ स्वहस्ते कापून काढले. परंतु त्या केंद्रात त्याच्याखेरीज दुसरा डॉक्टरच नव्हता, म्हणून हा प्रसंग त्याच्यावर आला, आणि तो निभावला तो आतडे दुखत असले तरी बुद्धी शाबूत होती म्हणून. विषादात जिने निदान करायचे ती बुद्धीच रोगाने ग्रासलेली असते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात मानसरोगाच्या चिकित्सेत त्या विषयातील जाणत्यांचा आश्रय सांगितला आहे, आणि रोगी स्वतः वैद्य असल्यास त्याला वगळावे असा अपवाद तेथे नाही. गीतेचे तर असे की, आत्मोद्धाराचा तो उपदेश ज्याला केला, तो अर्जुन त्यापूर्वीच, स्वतःच्या विद्येच्या ऐन रणांगणावर गळून पडून, मला काही सुचत नाही असे सांगून शिष्यभावाने शरण आलेला होता. आपल्या परंपरेतील ताटीचे अभंगही येथे आठवावेत. लोकांच्या छळाने खिन्न होऊन ज्ञानेश्वर ताटी लावून बसले, तेव्हा त्यांना समजावणारी मुक्ताबाई वयाने सर्वांत धाकटी होती, आणि तिचे ऐकल्याने ज्ञानेश्वरांच्या ज्ञानाला उणेपणा आला असे कोणत्याही वारकऱ्याने म्हटलेले नाही.

जागतिक वैद्यक संघटनेने १९४८ साली जिनिव्हा येथे स्वीकारलेल्या प्रतिज्ञेत, डॉक्टरने स्वतःच्या आरोग्याकडेही लक्ष द्यावे हे वचन २०१७ साली, शिकागोच्या सभेत घातले गेले. एवढे सुचायला ६९ वर्षे लागली. पण त्या वचनाचे प्रयोजनही उत्तम सेवा देता यावी हेच सांगितले आहे, आणि येथे माझे मन किंचित अडखळते. रुग्णांच्या उपयोगी पडावे म्हणून वैद्याने बरे व्हावे, हा हिशेब व्यवहाराला पुरेसा असेल. परंतु चरकाने वैद्यवृत्तीत आर्तांविषयीचे जे कारुण्य सांगितले, ते आर्ताकडे उपयुक्ततेचा दाखला मागत नाही, मग त्या आर्ताच्या अंगावर पांढरा कोट आहे एवढ्याच सबबीवर त्याच्याकडून तो का मागावा? जो डॉक्टर उद्या निवृत्त होणार आहे, ज्याच्या हातून यापुढे एकही रुग्ण बरा व्हायचा नाही, त्याच्या विषादालाही उपचाराचा तितकाच अधिकार आहे.