सॅम्पल फ्लॅटमध्ये दिलेला शब्द

सॅम्पल फ्लॅटला बहुतेक वेळा आतली दारंच नसतात. दार नसलं की खोली मोठी वाटते. भिंतीवर आरसा, छतात पिवळे दिवे आणि नेहमीपेक्षा वीतभर तोकडा पलंग. बघणारा मनातल्या मनात आपलं कपाट तिथे लावूनही टाकतो.

काही वर्षांनी किल्ली हातात पडते. आता दारं असतात, पण लॅमिनेट खालच्या कडेला सुटलेलं. सोबत आलेला जाणकार मेहुणा खिशातून नाणं काढून टाइल्सवर टकटक करतो. चार ठिकाणी 'ढप' असा पोकळ आवाज येतो, म्हणजे खाली माल नीट भरलेला नाही. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतलं, तर ते जाळीकडे जायचं सोडून दाराकडे निघतं.

साइटवरचा माणूस करारातली ओळ दाखवतो: अमुक कंपनीचे नळ 'किंवा समतुल्य'. समतुल्य काय, हे ठरवणार विकणाराच. ब्रोशरच्या शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत 'चित्रे केवळ कल्पनादर्शक' असंही छापलेलं असतं. मोठ्या अक्षरांत द्यायचं आणि बारीक अक्षरांत काढून घ्यायचं, याला व्यवहारचातुर्य म्हणण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे.

कायदा मात्र तसं म्हणत नाही. 2016च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याचं कलम 12 जाहिरातीबरोबर नमुना सदनिकेचाही स्पष्ट उल्लेख करतं. त्यातल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं, तर भरपाई द्यावी लागते. ग्राहकाला व्यवहारातून बाहेर पडायचं असेल तर सगळी रक्कम व्याजासह परत करावी लागते. म्हणजे डोळ्यांना दाखवलेलं हेही दिलेलं वचनच. महाराष्ट्रात या कायद्याखालच्या महारेरा प्राधिकरणाचं काम मे 2017 पासून सुरू आहे, तरी ताबा घेताना हे कलम किती जणांना आठवतं?

दोष एकट्या बिल्डरचा नाही. उतार चुकलाय हे फरशी बसवणाऱ्याला कळलेलं असतं, सुपरवायझरला दिसलेलं असतं. ब्रोशर लिहिणाऱ्याने तर इमारत पाहिलेलीही नसते. प्रत्येकाच्या वाट्याला खोटेपणाचा इतका छोटा तुकडा येतो की कुणालाच टोचत नाही. आणि हळहळणारा ग्राहक? पुढे घर विकायला काढताना ओल आलेल्या भिंतीला तोही गिऱ्हाईक यायच्या आधी रंगाचा हात मारून घेतो.

ताबापत्रावर 'सदनिका पाहिली, काही तक्रार नाही' असं आधीच छापलेलं असतं, आणि गृहप्रवेशाचा मुहूर्त जवळ आलेला असतो. तरी सहीआधी पोकळ टाइल्स, सुटलेलं लॅमिनेट, चुकलेला उतार हाताने लिहून काढा आणि पोच घ्या. कामातले व दर्जातले दोष ताब्यापासून पाच वर्षांच्या आत कळवले, तर ते 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करणं कलम 14 प्रमाणे बिल्डरवर बंधनकारक आहे. तेवढी वर्षं ते ब्रोशर रद्दीत घालू नका.