पिवळा येतो कुठून?

खिडकीच्या उजेडात झेंडूचं पिवळं फूल ठेवा. लिंबूही चालेल, पण झेंडूच्या पाकळ्यांत सावल्या छान मिळतात. मोबाइलवर व्हिडिओ सुरू करा. घाई नको.

फुलावरून परतलेला उजेड भिंगातून आत जातोय. आत सिलिकॉनचा लहानसा सेन्सर, त्यावर लक्षावधी कप्पे. प्रकाशकण सिलिकॉनमध्ये शोषला गेला, की एक इलेक्ट्रॉन मोकळा होतो. ते साठतात, फार तर सेकंदाचा तिसावा भाग, आणि मग मोजले जातात. इथे जरा थांबा. या मोजणीत उजेड किती एवढंच आहे. रंग नाहीच.

म्हणून प्रत्येक कप्प्यावर एका रंगाचा फिल्टर असतो. दर चार कप्प्यांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. कोडॅकच्या ब्राइस बायर यांची ही मांडणी, पेटंट १९७६चं. हिरव्याला झुकतं माप, कारण बारकावे टिपताना आपल्या डोळ्याची भिस्त त्याच उजेडावर जास्त असते.

आता पाकळीवरचा एकच बिंदू मनात धरा. समजा, तो लाल कप्प्यात पडलाय. तिथे लाल तेवढा मोजला गेला; हिरवा आणि निळा शेजारच्या कप्प्यांवरून काढलेला अंदाज. चित्रातल्या दर तीन आकड्यांपैकी दोन असे, शेजाऱ्यांच्या भरवशावरचे! यावर जितकं रेंगाळाल तितकं थोडंच. आणि पिवळ्यासाठी तर कप्पाच नाही. लाल भरपूर, हिरवा भरपूर, निळा नावापुरता, एवढीच नोंद.

पुढे या तिन्हींतून तेजाचा एक आकडा काढतात. एचडी व्हिडिओत त्यात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१, निळ्याचा जेमतेम ७. सोबत रंगफरकाचे दोन आकडे: निळा वजा तेज, लाल वजा तेज. तेज प्रत्येक बिंदूचं जपतात. रंगफरकाची मात्र बहुधा चार बिंदूंत मिळून एकच जोडी. डोळा तेवढ्यावर भागवून घेतो. तेज वेगळं ठेवण्याची ही रीत जुनी आहे. १९८२ मध्ये दूरदर्शन रंगीत झालं, तेव्हा घरोघरचे कृष्णधवल संच त्यातलं तेज तेवढं उचलून चालू राहिले.

आता पडद्यावरची पाकळी पाहा. तिथे लाल आणि हिरवे ठिपके शेजारी शेजारी पेटलेत, निळे जवळपास विझलेत. पिवळ्या लहरी फुलाकडून येतायत, पडद्याकडून जवळजवळ नाहीतच. नजर सावकाश फुलावरून पडद्यावर न्या, परत आणा. पिवळ्यासाठी वेगळी पेशी तुमच्या डोळ्यातही नाही. त्याच दोन प्रकारच्या शंकुपेशी दोन्हीकडे जवळपास सारख्याच चेततात.