विचारणे आणि कळवणे

बेंगळुरूच्या वायव्येस, तुमकूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत पीण्या ही औद्योगिक वसाहत पसरलेली आहे. येथे हजारो लहानमोठे कारखाने आहेत. कोठे लेथवर लोखंड कातले जाते, कोठे सुट्या भागांना मुलामा चढतो, तर कोठे ओळीने मांडलेल्या यंत्रांवर स्त्रिया कपडे शिवत असतात. अवकाशयानांशी संपर्क राखणाऱ्या जाळ्याचे मुख्यालय, म्हणजे भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे 'इस्ट्रॅक' हे केंद्रही याच वसाहतीत आहे. 23 ऑगस्ट 2023 रोजी चांद्रयान-3 चंद्रावर उतरले, तेव्हा त्याची सूत्रे येथून हलत होती. ज्या वसाहतीत खिळ्याएवढा भाग घडतो, तेथूनच चंद्रावरील यानाला आज्ञा जाते. राष्ट्राराष्ट्रांतील भागीदारीचा विचार करण्यास ही जागा वाटते तितकी अप्रस्तुत नाही.

पीण्यातील बहुसंख्य लहान कारखाने 'जॉबवर्क' करतात. मोठ्या कंपनीकडून ड्रॉइंग येते. त्यात माप, धातू आणि चालू शकणारी घट-वाढ हे सारे ठरलेले असते. कारखानदाराला दोनच प्रश्न विचारले जातात : दर काय आणि माल कधी मिळेल? अमुक ठिकाणी भोक का ठेवले आहे, असे कोणी त्याला विचारत नाही आणि तोही विचारीत नाही. या व्यवहारात अप्रामाणिक असे काही नाही, कारण दोन्ही पक्षांना आपापली जागा ठाऊक असते. पण एखादा जुना कारागीर म्हणतो, "हा कोपरा थोडा गोल केला, तर भाग तडकणार नाही." त्याचे ऐकून ड्रॉइंग बदलले, की नात्याची जात बदलते. ज्याच्या हाती केवळ काम होते, त्याचा आकारातही वाटा येतो. भागीदारीचा आरंभ येथे होतो. करारावरची सही ही फार नंतरची गोष्ट आहे.

शेजारी राष्ट्रे एकत्र येतात तेव्हा 'संबंधितांशी विचारविनिमय करून' हा शब्दप्रयोग कागदोपत्री हमखास आढळतो. प्रश्न असा, की हा विनिमय ड्रॉइंग पक्के होण्यापूर्वी झाला की नंतर?

दक्षिण आशिया उपग्रहाचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. जून 2014 मध्ये श्रीहरिकोटा येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी सार्क देशांसाठी उपग्रह तयार करण्याचे आवाहन आपल्या शास्त्रज्ञांना केले. नोव्हेंबरमध्ये काठमांडूच्या शिखर परिषदेत ही कल्पना शेजाऱ्यांपुढे आली. पुढे चर्चा झाल्या. पाकिस्तानला उभारणीतच सहभाग हवा होता. ते जमले नाही आणि तो देश बाहेर राहिला. 'सार्क' हे नावही मग गळाले. 5 मे 2017 रोजी 2230 किलोग्रॅम वजनाचा, बारा ट्रान्सपॉन्डर असलेला उपग्रह अवकाशात गेला. उपग्रह आणि उड्डाण यांचा खर्च भारताने उचलला आणि सहा शेजाऱ्यांना त्याचा लाभ देऊ केला.

ही भेट उदार होती आणि उपयोगाचीही होती, हे नाकारण्याचे कारण नाही. तिच्यासाठीचे भूकेंद्र 2019 मध्ये भूतानमध्ये थिंफू येथे सुरू झाले. पण भेट आणि भागीदारी या दोन वस्तू आहेत. आपल्याकडे पंगतीत वाढणारा "वाढू का?" असे विचारतो; पण तो शब्द उच्चारेपर्यंत पळी कलंडलेली असते. पाहुण्याने पानावर हात आडवा धरला, तरी बोटांवरून तूप ओघळतेच. त्या आग्रहात प्रेम असते, पण प्रश्न नसतो. बांगलादेशाने भारताची भेट स्वीकारली आणि पुढच्याच वर्षी, मे 2018 मध्ये, आपला 'बंगबंधू-1' उपग्रह अवकाशात पोहोचवला. त्याची तयारी आधीपासून चालू होती. घेणाऱ्याच्याही मनात स्वतःचे एक ड्रॉइंग असते, याची ही आठवण आहे.

याउलट घटना भूतानची. 15 जून 2015 रोजी बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ या चार देशांनी थिंफू येथे मोटार वाहतुकीचा करार केला. एका देशाची वाहने दुसऱ्या देशाच्या रस्त्यांवरून जाऊ शकतील, अशी ती योजना होती. सरकारांनी सह्या केल्या. मग प्रश्न भूतानच्या संसदेपुढे गेला आणि 2016 मध्ये तेथील वरिष्ठ सभागृहाने त्यास संमती नाकारली. परक्या मालमोटारींनी डोंगरातले रस्ते आणि पर्यावरण यांचे काय होईल, आपल्या मालवाहतूकदारांच्या पोटाचे काय होईल, ही त्यामागची चिंता होती. 2017 मध्ये भूतानने इतर तिघांना कळवले, की तुम्ही पुढे जा, आमच्यासाठी थांबू नका.

मुत्सद्द्यांच्या दृष्टीने हे अपयश ठरेल. मला मात्र यात विचारण्याच्या क्रियेची खरी कसोटी दिसते. ज्या प्रश्नाला 'नाही' हे उत्तर चालत नाही, तो प्रश्न नव्हे. ती सूचना होय. लहान देशाचा नकार मोठ्या देशांनी ऐकला आणि संबंध तुटले नाहीत, एवढ्यावरूनच मूळ प्रश्न खरा होता असे म्हणता येते.

येथे एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल. सर्वांना विचारत बसले, तर काहीच घडणार नाही. सार्कच्या 1985 च्या सनदेत निर्णय एकमतानेच घ्यावेत असे कलम आहे, आणि 2014 नंतर सार्कची शिखर परिषद भरलेली नाही. आक्षेपात तथ्य आहे. पण नकाराचे दोन प्रकार वेगळे केले पाहिजेत. 'माझ्या रस्त्यावरून नको' हा एक नकार, आणि 'तुम्हीही जाऊ नका' हा दुसरा. पहिला स्वतःच्या घरापुरता असतो. त्याचा अधिकार प्रत्येकाला हवा. दुसऱ्याने इतरांची घरे अडतात. तो वापरताना कारण देण्याचे ओझे नकार देणाऱ्यावर पडते. भूतानने पहिला नकार दिला आणि दुसरा टाळला. विचारणाऱ्याइतकीच नीती उत्तर देणाऱ्यालाही असते.

मग विचारायचे कोणाला? राजधानीला विचारले म्हणजे देशाला विचारले, असे होत नाही. 28 डिसेंबर 1998 रोजी भारत आणि श्रीलंका यांच्यात मुक्त व्यापार करार झाला. त्यात सवलतीतून वगळलेल्या वस्तूंच्या याद्या होत्या आणि तयार कपड्यांसाठी संख्येची मर्यादा होती. अशी यादी म्हणजे दोन्ही बाजूंच्या भीतीचीच नोंद असते. कारखानदारांच्या संघटना आपली भीती मंत्रालयापर्यंत पोहोचवू शकतात. पीण्यात शिलाईयंत्रावर बसणाऱ्या स्त्रीची भीती तितक्या सहज पोहोचत नाही. वास्तविक मर्यादा वाढली वा घटली, तर कामाचे तास आधी तिचेच बदलतात.

हा विचार आपल्या परंपरेला नवा नाही. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड मिळवण्याविषयी उपदेश आहे. रयतेची आंब्या-फणसाची झाडे तोडू नयेत. लेकराप्रमाणे वाढवलेले झाड गेले तर धन्याच्या दुःखाला पारावार राहत नाही. एखादे जीर्ण झाड हवेच असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषाने न्यावे. जबरदस्ती करू नये. राज्याची गरज खोटी नव्हती. आरमाराशिवाय किनारा राखता येणार नव्हता. तरीही ज्याच्या अंगणातली सावली जाणार, त्याचा होकार राज्याने आवश्यक मानला. झाडाचा मोबदला पुरेसा असता, तर संतोषाची अट घालण्याचे कारण नव्हते.

राष्ट्रांच्या भागीदारीत आपण मोबदल्याचा हिशेब काटेकोर करतो : किती कोटी, किती ट्रान्सपॉन्डर, किती मालमोटारी. संतोषाचा हिशेब आकड्यांत मांडता येत नाही, म्हणून तो राहून जातो. तो मांडण्याची रीत एकच आहे. रेघ पेन्सिलीची असतानाच शेजाऱ्याला बोलवावे, आणि ती पुसली जाण्याची आपली तयारी आहे काय, हे त्यापूर्वी स्वतःला विचारावे.