हिरवा झोन, हिरवं जंगल

ताडोब्याला ड्रोन न्यायचा विषय निघाला की एक प्रश्न ठरलेला असतो: "कुणाला त्रास झाला नाही, कुणी पाहिलंही नाही, तर चुकलं काय?" प्रश्न पळवाटीसारखा वाटतो, पण खरा आहे.

आधी नियम बघू. २०२१च्या ड्रोन नियमांप्रमाणे नकाशावरच्या हिरव्या झोनमध्ये १२० मीटरपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचं प्रमाणपत्रही लागत नाही. पण हे नियम आकाशाचे आहेत, जंगलाचे नाहीत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा आहे. त्यानुसार अभयारण्यात फोटो काढायला जायचं तरी परवानगी लागते, आणि 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत प्राण्याला हाकणंही येतं. म्हणजे ताडोबा असो, चपराळा असो की भामरागड, वनविभागाची लेखी परवानगी नसेल तर ड्रोन बॅगेतच ठेवायचा.

पण समजा, कुणी पकडणारच नाही. मग?

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी अमेरिकेतल्या मिनेसोटात काही काळ्या अस्वलांच्या शरीरात हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं बसवून वरून ड्रोन उडवले गेले. अस्वलं बहुतेक वेळा जागची हललीसुद्धा नाहीत. ठोके मात्र वाढले, एका अस्वलाचे तर मिनिटाला १२३ने. आपली अस्वलं वेगळ्या जातीची आहेत, पण मुद्दा तोच आहे. स्क्रीनवर जे शांत दिसतं, ते शांत असेलच असं नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. लॉगमध्ये एरर दिसत नाही याचे दोन अर्थ असतात: एरर नाही, किंवा आपण ती नोंदवतच नाही. 'त्रास झाला नाही' हे वाक्य बहुतेकदा दुसऱ्या प्रकारचं असतं. २५० ग्रॅम हे ड्रोनचं वजन आहे. खाली बसलेल्या भीतीचं वजन कोण करणार?

आणि खाली फक्त प्राणी नसतात. मे महिन्यात चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात बायाबापड्या पहाटेपासून तेंदूपत्ता तोडत असतात. वाघाच्या भीतीने त्यांचे कान आधीच टवकारलेले असतात. तिकडे कॉर्बेटमध्ये केंब्रिजच्या एका संशोधकाने २०२४ साली मांडलेला अभ्यास सांगतो की वन्यप्राण्यांसाठी लावलेले कॅमेरे आणि ड्रोन बायकांवर पाळत ठेवायला वापरले गेले. हत्ती-वाघ दूर राहावेत म्हणून जंगलात गाणाऱ्या, मोठ्याने बोलणाऱ्या या बायका कॅमेऱ्याच्या धाकाने गप्प झाल्या. म्हणजे नुसतं पाहिलं जाणंसुद्धा त्यांच्या जिवाशी येऊ शकतं. गडचिरोलीत तर नक्षलवाद आणि पोलीस कारवाया यांच्यामध्ये लोकांनी कित्येक वर्षं काढली आहेत. तिथे डोक्यावर घरघर ऐकू आली, तर ती हौशी आहे हे खालच्या माणसाला कसं कळावं?

यावर कुणी म्हणेल, वनविभाग स्वतः ड्रोन वापरतोच की! वापरतो. यवतमाळात २०१८ साली अवनी वाघिणीच्या शोधातही वापरले होते. फरक इतकाच की त्यामागे गरज असते आणि जाब विचारायला एक दार असतं. कॉर्बेटचं उदाहरण सांगतं की ते दारही दर वेळी ठोठवावं लागतं. आपल्या रीलमागे ना गरज, ना दार.

म्हणून माझ्यापुरती कसोटी एकच आहे: खालचा 'नको' म्हणू शकतो का, आणि म्हणाला तर मला ते ऐकू येईल का? वाघ, गिधाड, अस्वल 'नको' म्हणू शकत नाहीत. तिथे उडवायचा नाही. माणसं म्हणू शकतात, पण विचारलं तर. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणारं मेंढा (लेखा) गडचिरोलीतलंच आहे. अशा गावाजवळ नकाशा हिरवा असला, तरी आधी ग्रामसभेला विचारावं.

हौस मारायची गरज नाही. अभयारण्यापासून लांब, कापणी झालेलं शेत, मालकाची परवानगी, दिवसाचा उजेड, ड्रोन नजरेच्या टप्प्यात. तिथून दिसणारं जंगल जरा दूरचं असेल, पण कुणाचे ठोके वाढवून मिळवलेलं नसेल.