गाडी विकली, व्यवहार संपला?



मागच्या गुरुवारी ध्यान संपल्यावर एक साधक मागे थांबले. वडोदऱ्याचे, बँकेतून निवृत्त झालेले, वर्षानुवर्षे नियमाने येणारे. म्हणाले, "दादा, आज डोळे मिटले की तो मुलगाच समोर येत होता."

गोष्ट साधी होती. त्यांनी आपली दहा वर्षांची पेट्रोल गाडी ओळखीतल्या एका तरुणाला १,८५,००० रुपयांना विकली. नवव्या दिवशी त्याचा फोन आला. "काका, गाडी गरम होते. गॅरेजवाला म्हणतो हेड गॅस्केट गेलंय, इंजिन खोलावं लागेल, १८,००० रुपये लागतील." काकांनी जे आपण सगळेच म्हणतो तेच म्हटलं. गाडी जुनी आहे, तू स्वतः चालवून बघितलीस, 'जशी आहे तशी घेतली' म्हणून पावतीवर सही केलीस. नंतर त्याचे फोन उचलणंच बंद केलं.

वकिली करणाऱ्या पुतण्यानेही धीर दिला. आता पुतण्या चुकीचं बोलला नव्हता. १९३० चा मालविक्री कायदा घरगुती विक्रेत्यावर मालाच्या दर्जाची हमी सहसा लादत नाही, ती जबाबदारी मुख्यतः तो धंदा करणाऱ्यावर येते. आणि १८७२ च्या करार कायद्याचं १७ वं कलम सांगतं की, बोलणं कर्तव्यच असेल असे प्रसंग सोडले, तर नुसतं गप्प राहणं म्हणजे फसवणूक नव्हे. काका निश्चिंत व्हायला हवे होते. पण झाले नाहीत, म्हणून तर ते मागे थांबले होते.

मी एवढंच विचारलं, "तुम्ही कूलंट किती दिवसांनी भरत होता?"

बराच वेळ ते सतरंजीकडे बघत राहिले. "दर पंधरा दिवसांनी."

"आणि तो गाडी बघायला आला त्या दिवशी?"

"सकाळीच भरलं होतं."

"पुतण्याला हे सांगितलंत?"

"नाही."

बघा, वकिलापासूनही आपण तेवढाच भाग लपवतो, जेवढा स्वतःपासून लपवायचा असतो. त्याच १७ व्या कलमात दोष जाणूनबुजून झाकणं हे मात्र फसवणुकीत धरलं आहे. त्या सकाळी भरलेलं कूलंट हे मौन होतं की झाकण, याचा निवाडा करायला कोर्ट लागत नाही. कूलंट भरणाऱ्या हाताला ते ठाऊक असतं.

युधिष्ठिराची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखरच मेला होता. शब्द खरे होते, पण द्रोणाचार्यांच्या मनात जे पोहोचलं ते खोटं होतं, आणि ते तसं पोहोचावं म्हणूनच ते शब्द उच्चारले गेले. तोपर्यंत जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी जमिनीला टेकला. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यातही सत्याची कसोटी अशीच आहे. वाणी असते ती आपल्याला ठाऊक असलेलं दुसऱ्यापर्यंत पोहोचवण्यासाठी. तिने समोरचा ठकला, तर अक्षरं खरी असूनही ते सत्य नव्हे. "त्याने विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही" हे वाक्य या कसोटीवर लावून बघा.

आपल्या धर्मशास्त्रकारांना बाजार चांगला कळत होता. खरेदी-विक्रीनंतर होणारा पश्चात्ताप, 'क्रयविक्रयानुशय', हा त्यांनी वादांच्या अठरा प्रकारांत स्वतंत्र मांडला. याज्ञवल्क्य स्मृतीत तर माल पारखून घेण्याची मुदत दिली आहे. लोखंडाला एक दिवस, दुभत्या जनावराला तीन, ओझं वाहणाऱ्या जनावराला पाच, रत्नांना सात, बियाण्याला दहा. म्हणजे बैल विकल्यावर चार दिवसांनी घेणारा दारात आला, तर त्याला भांडखोर समजायचं नाही, ही रीत फार जुनी आहे. आपली गाडी म्हणजे आजचा बैलच. काकांच्या गाडीचा नववा दिवस होता, पाचाची मुदत उलटलेली होती. मात्र बैलाचा लंगडेपणा सकाळी एखादी बाटली ओतून झाकता येत नसे.

याचा अर्थ प्रत्येक तक्रारीला पैसे काढून द्यायचे असा नाही. चार महिन्यांनी कोणी एसी थंड करत नाही म्हणून फोन केला, तर त्याचं ऐकून घ्यावं आणि शांतपणे नाही म्हणावं. झिजलेली क्लच प्लेट, जुने टायर हे वयाचे दोष किमतीत आलेलेच असतात. दोघांनाही माहीत नसलेला दोष निघाला, तर ते घेणाऱ्याचं नशीब, देणाऱ्याने द्यायचा तो सद्भाव. पण मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही, तो हिस्सा माझा. नातं कितीही गोड असलं आणि पावतीवर काहीही लिहिलेलं असलं, तरी माझा.

दुसऱ्या दिवशी काकांनी स्वतः फोन केला आणि गॅरेजमध्ये गेले. तिथे आणखी एक गोष्ट कळली. काटा लाल रेषेवर गेल्यावरही मुलाने दोन दिवस गाडी तशीच पळवली होती, त्यामुळे हेडही थोडं वाकलं होतं. काकांनी आधी कूलंटचं सांगितलं. मुलगा चिडला, आणि त्याला तो हक्क होता. मग त्यानेही लाल काट्याचं कबूल केलं. शेवटी १२,००० काकांनी दिले, ६,००० त्याने. दोघांनी ते कागदावर लिहून सह्या केल्या.

निघताना लक्षात आलं की गाडी अजून काकांच्याच नावावर आहे. मोटार वाहन कायद्यानुसार त्याच राज्यातली गाडी विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, आणि काकांनी फोन टाळण्याच्या नादात फॉर्म २९ भरलाच नव्हता. नाव बदलेपर्यंत अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर राहते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. गॅरेजच्या बाकावरच दोघांनी फॉर्म भरले.

काकांना मी त्या दिवशी एक गोष्ट सांगितली नाही, ती तुम्हाला सांगतो. पस्तिशीत असताना मी माझी स्कूटर एका शिक्षकाला विकली. चढावर तिचा दुसरा गिअर निसटायचा. मी त्यांना सपाट रस्त्यावर चालवून दाखवली. त्यांनी मोजून पैसे दिले, पेढेही दिले. माझा पत्ता त्यांच्याकडे होता. ते कधीच तक्रार घेऊन आले नाहीत. पुढे मी दोनदा त्यांच्या जुन्या घरी जाऊन आलो. तिथे आता दुसरंच बिऱ्हाड आहे.