चारच जण आले तर?



मे महिना जवळ आला की आमच्या आळीत एक विषय हमखास निघतो. क्रुसापाशी रोज संध्याकाळी होणारी रोझरी सुट्टीतही चालू ठेवायची का? मुलांच्या परीक्षा संपलेल्या असतात, कोणी फिरायला गेलेले असते, कोणी लेकीकडे दुबईला, आणि जे गावात उरतात ते लग्नाच्या मांडवात असतात. गेल्या मे महिन्यात काही संध्याकाळी आम्ही चारच जण होतो. त्यांतले दोघे म्हणजे आम्ही उभयता. यंदा एका शेजाऱ्यांनी सुचवले की रोजच्याऐवजी फक्त शनिवारी रोझरी ठेवावी. चार डोकी उभी राहून प्रार्थना म्हणतात त्यात देवाचाही मान राहत नाही आणि आळीचाही. सूचना वाईट बुद्धीने केलेली नव्हती. आम्हाला तेथल्या तेथे उत्तर देता आले नाही, कारण हाच प्रश्न आम्हाला पूर्वी एकदा भेटला होता, तोही परक्या देशात आणि परक्या चर्चमध्ये.

२०२४ च्या जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत आम्ही मुलाकडे इंग्लंडला होतो. सॉल्सबरी शहराजवळच्या एका खेड्यात तो राहतो. रविवारची मिस्सा आम्ही शहरातल्या कॅथलिक चर्चमध्ये ऐकत असू. पण संध्याकाळी सहा वाजता खेड्यातल्या अँग्लिकन चर्चची घंटा वाजे आणि घरातून ती स्पष्ट ऐकू येई. तेथल्या कॅथलिक फादरांना आम्ही विचारले. ते म्हणाले, अवश्य जा, त्यांच्याबरोबर प्रार्थना करा. मात्र त्यांच्या कम्युनियनमध्ये आपल्याला भाग घेता येत नाही. पोप लिओ तेरावे यांनी १८९६ साली अँग्लिकन धर्मगुरूंची दीक्षा ग्राह्य नसल्याचा निर्णय दिला, तो अजून बदललेला नाही. पण एकत्र प्रार्थनेला आता कोणी बिचकत नाही. २३ ऑक्टोबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे आणि राजे चार्ल्स सिस्टिन चॅपलमध्ये एकत्र प्रार्थनेला बसले, तेव्हा आम्हाला आमच्या त्या खेड्याचीच आठवण झाली.

तेथला उन्हाळा आपल्यासारखा घामाचा नव्हे. सहा वाजता ऊन लख्ख असते आणि जुलैत रात्री नऊपर्यंत उजेड राहतो. चर्च दगडी, छोटे, भोवती दफनभूमी. रेक्टर या एक बाई होत्या (त्यांच्या ख्रिस्तसभेत १९९४ पासून स्त्रियांनाही धर्मगुरूपदाची दीक्षा मिळते, त्या वादात आपण येथे शिरायला नको). त्यांच्याकडे एकूण सहा खेड्यांतली सहा चर्च. कोणत्या रविवारी कोठे काय, याचा तक्ता दारावर लावलेला. आमच्या खेड्यात महिन्यातून एकदाच सकाळी कम्युनियनची उपासना, आणि दर रविवारी संध्याकाळची प्रार्थना एक रीडर चालवीत. रीडर म्हणजे बिशपांनी परवाना दिलेले प्रापंचिक. हे निवृत्त शिक्षक होते.

या संध्याकाळच्या प्रार्थनेला ते ईव्हनसाँग म्हणतात. आर्चबिशप क्रॅन्मर यांनी १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात आपल्या ख्रिस्तसभेच्या दोन जुन्या प्रार्थना, सायंप्रार्थना आणि रात्रीची प्रार्थना, एकत्र करून ती बनवली. त्यामुळे आम्हाला ती परकी वाटली नाही. स्तोत्रे तीच, पवित्र मरियेचे गीत तेच, वृद्ध शिमोनाचे गीतही तेच. फक्त इंग्रजी जुने, जरा जड.

उन्हाळ्यात तेथे चर्चच्या नावाने पुष्कळ काही चालते. जुलैत एका शनिवारी रेक्टरच्या घरामागील हिरवळीवर जत्रा भरली. घरी केलेले केक, जॅम, जुनी पुस्तके, सोडतीची तिकिटे, मुलांसाठी खेळ. सारे खेडे लोटले होते. छपराच्या दुरुस्तीसाठी पैसे जमवायचे होते आणि ते जमलेही. १ ऑगस्टच्या सुमारास नव्या गव्हाच्या पिठाची पाव वेदीवर ठेवली. लॅमस म्हणजे पावाची मिस्सा, असा त्या सणाच्या नावाचा मूळ अर्थ. आपल्या आगेराची आठवण व्हावी असाच प्रकार. दफनभूमीतले गवत कापायला पाळीपाळीने माणसे येत, वेदीवरची फुले पाळीपाळीने कोणीतरी आणून सजवी. गवत कापणाऱ्या एका गृहस्थांनी आम्हाला सांगितले की आपण प्रार्थनेला कधी जात नाही, पण रविवारी घंटा वाजली नाही तर चुकल्याचुकल्यासारखे होते.

आम्ही त्यावर हसलो. पण हे वाक्य नंतर बरेच दिवस डोक्यात राहिले. छपरासाठी पैसे देणारे शंभर, आणि छपराखाली बसणारे सात-आठ. ग्रेस डेव्ही नावाच्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ बाईंनी या वृत्तीचा अभ्यास केला आहे. त्यांचे म्हणणे असे की युरोपात थोडे लोक पुष्कळांच्या वतीने धर्म चालवतात, आणि ते पुष्कळ लोक त्याला मनातून मान्यता देतात. चर्च उघडे असावे, कोणीतरी प्रार्थना करावी, फक्त ते कोणीतरी आपण नसावे.

हे ऐकून आपल्याला त्यांना नावे ठेवण्याचा मोह होईल. आम्हालाही झाला. पण आपल्या घरात डोकावून पाहिले तर? आई रोझरीला गेली ना, मग झाले, असे म्हणणारी घरे आपल्याकडे नाहीत काय? आमच्या स्वतःच्या मुलाचे चर्चला जाणे सुटले आहे. हे या पानावर लिहिताना संकोच वाटतो, पण लिहिले नाही तर पुढचे सारे खोटे होईल. तो आम्हाला प्रेमाने गाडीतून मिस्साला सोडी, आणि स्वतः बाहेर कॉफी पीत बसे. तुम्ही आहात ना प्रार्थना करायला, असे एकदा तो सहज म्हणाला. त्याच्यासाठी आम्ही रोज प्रार्थना करतो, हे खरे. पण त्याच्याऐवजी आम्हाला ती करता येते का? ख्रिस्तसभेची शिकवण सरळ आहे: दुसऱ्यासाठी प्रार्थना करता येते, नव्हे करावीच, पण रविवारचे कर्तव्य कोणाच्या वतीने दुसऱ्याला पार पाडता येत नाही. हे पाठ असूनही आई-बापाचे मन पळवाट शोधत राहते.

मग ते सात-आठ जण कोणासाठी येत होते?

त्यांच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात याविषयी दोन वेगवेगळे नियम आहेत, आणि रीडर महाशयांनी ते आम्हाला पुस्तक उघडून दाखवले. कम्युनियनसाठी धर्मगुरूबरोबर ते घेणारे पुरेसे लोक हवेत. अगदी लहान खेडे असले तरी किमान तिघे. तेवढे नसतील तर कम्युनियनची उपासना होणार नाही. रोजच्या सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेला मात्र संख्येची अटच नाही. धर्मगुरू गावात असेल आणि त्याला खरीच अडचण नसेल तर त्याने चर्चमध्ये ती म्हणावी, आणि त्याआधी घंटा वाजवावी, म्हणजे लोकांना यावेसे वाटले तर येता येईल. एकही आला नाही तर घंटा वाजवू नये, असे पुस्तक म्हणत नाही. म्हणेल तरी कसे? घंटा आधी वाजते, माणसे नंतर येतात.

या नियमाचे जिवंत उदाहरण त्या भागातलेच आहे. सॉल्सबरीजवळच्या बेमर्टन येथे जॉर्ज हर्बर्ट नावाचे कवी १६३० पासून धर्मगुरू होते. तीनच वर्षांत, १६३३ मध्ये, वयाच्या अवघ्या ३९ व्या वर्षी ते वारले. आयझॅक वॉल्टन यांनी १६७० मध्ये त्यांचे चरित्र लिहिले. त्यात आहे की ते घरच्यांना घेऊन रोज दहा वाजता व चार वाजता प्रार्थना म्हणत, आणि घंटा ऐकू आली की काही गरीब शेतकरी नांगर जागच्या जागी थांबवून प्रार्थना करीत, मग पुन्हा कामाला लागत. आम्ही ते चर्च पाहून आलो. इतके लहान की आपल्या एखाद्या वाडीतले चॅपल मोठे वाटावे. नांगर थांबवणारे ते शेतकरी चर्चमध्ये आलेच नव्हते, तरी आत चाललेली प्रार्थना त्यांच्यापर्यंत पोचत होती. गवत कापणाऱ्या गृहस्थांत आणि त्यांच्यात फरक आहे तो एवढाच की शेतकऱ्यांनी नांगर थांबवला. आम्हाला वाटते, फरक लहान नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती खोटी नाही. सहा चर्च सांभाळणारी एक व्यक्ती दर रविवारी सहा ठिकाणी कशी पोचणार? प्रत्येक पॅरिश चर्चमध्ये दर रविवारी उपासना झालीच पाहिजे, हा नियम त्यांच्याकडे १६०३ पासून होता. प्रत्यक्षात तो पाळणे कित्येक ठिकाणी अशक्य झाले होते. शेवटी फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यांच्या जनरल सिनॉडने तो बदलला. आता एका रेक्टरच्या चर्चगटात दर रविवारी एका ठिकाणी उपासना झाली तरी पुरते. आम्हाला हा बदल प्रामाणिक वाटला. शब्बाथ माणसासाठी आहे, असे प्रभू येशूनेच सांगितले आहे. थकलेल्या चार म्हाताऱ्यांच्या पाठीवर धर्म लादून काय साधणार? शिवाय एकत्र येण्यात आनंद असतो. ३० जून हा महिन्याचा पाचवा रविवार होता, म्हणून सहाही खेड्यांची एकत्र उपासना झाली. साठेक माणसे, भरदार गायन, नंतर झाडाखाली चहा. मात्र आमच्या खेड्यातून तेथे तिघेच गेले. ज्यांना चालत जायची सवय ते गाडीतून दुसरीकडे जात नाहीत, असे रीडर म्हणाले. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती.

सॉल्सबरीच्या कॅथीड्रलमध्ये याच अडचणीवर एक वेगळी रीत पाहिली. तेथील गायकवृंद शाळकरी मुलामुलींचा, म्हणून जुलैअखेर तो सुट्टीवर जातो. मग इतर गावांतले हौशी गायकवृंद पाहुणे म्हणून येतात, आणि आठवडाभर ईव्हनसाँग गातात. आपली स्वतःची सुट्टी त्यासाठी खर्च करतात. घरच्यांना विश्रांती मिळते आणि प्रार्थनाही मोडत नाही. ही सोय आम्हाला फार आवडली.

ऑगस्टच्या तिसऱ्या रविवारी आम्ही खेड्यातल्या चर्चमध्ये गेलो तर आत फक्त रीडर आणि ऐंशीच्या घरातल्या चर्च वॉर्डनबाई. ऑर्गन वाजवणाऱ्या बाई मुलांकडे गेल्या होत्या, बाकीचे समुद्रकिनारी. वॉर्डनबाईंनी दोरी ओढून घंटा वाजवली. थोडा वेळ वाट पाहिली. कोणी आले नाही. मग रीडरनी आमच्यापैकी एकाला दुसरे वाचन करायला सांगितले. स्तोत्र एक ओळ त्यांनी, एक आम्ही, असे म्हटले. शेवटी संत ख्रिसोस्तोम यांच्या नावाची एक प्रार्थना असते. दोघे-तिघे माझ्या नावाने जमतील तेथे मी आहे, या प्रभूच्या अभिवचनाची तिच्यात आठवण दिलेली आहे. एरवी ती प्रार्थना आम्ही सवयीने ऐकत होतो. त्या दिवशी आजूबाजूला पाहिले आणि अंगावर काटा आला. आपल्या कॅथलिक चर्चमध्ये आम्ही हजारांच्या गर्दीत असतो. आम्ही नसलो तर कोणाला कळतही नाही. येथे आम्ही नसतो तर स्तोत्राची दुसरी ओळ म्हणायला वॉर्डनबाई एकट्याच होत्या.

प्रार्थना संपल्यावर वॉर्डनबाईंनी एक जाड वही काढली. प्रत्येक उपासनेची नोंद त्यांना ठेवावी लागते: तारीख, कोणी चालवली, किती जण होते. त्यांनी तारखेपुढे ४ लिहिले. आम्ही कॅथलिक आहोत हे त्यांना ठाऊक होते, तरी आम्हाला मोजले. आम्ही गमतीने विचारले, याहून कमी कधी होते का? रीडर म्हणाले, हिवाळ्यात दोन-तीनदा आपण स्वतः १ असे लिहिले आहे. घंटा वाजवली होती का? हो, अर्थात.

ते कोणाच्याऐवजी प्रार्थना करीत होते असे आम्हाला त्या माणसाकडे पाहून वाटले नाही. कोणाची सुटका करण्याची त्यांना हौस नव्हती, आणि न येणाऱ्यांवर रागही नव्हता. (खरे सांगायचे तर आम्हाला आळीतल्या न येणाऱ्यांचा राग येतो. रोझरी म्हणताना आम्ही कोण आले नाही तेच मोजत असतो.) ते फक्त ती वेळ आणि ते दार राखून होते. उद्या गवत कापणारे गृहस्थ आत आलेच, तर त्यांना दार बंद दिसू नये.

निघालो त्या दिवशी विमानतळावर जाताना मुलाने गाडी त्या चर्चवरून घेतली. वॉर्डनबाईंना आमचा निरोप सांगायला तो स्वतः उतरला आणि बराच वेळ बोलत उभा राहिला. काय बोलला ते आम्ही विचारले नाही.

येत्या रविवारी सात वाजताच्या मिस्सानंतर आळीची बैठक क्रुसापाशीच आहे. शनिवारचा पर्याय सुचवणाऱ्या शेजाऱ्यांचे म्हणणे आम्ही तेथे मोकळ्या मनाने ऐकू; वयस्कर मंडळींना रोज उभे राहणे जड जाते, हेही खरे, तेव्हा चार खुर्च्यांची सोय करता येईल का ते पाहू. पाहुण्या गायकवृंदांसारखे शेजारच्या आळीने आठवड्यातून एक संध्याकाळ आपल्याकडे यावे आणि आपण त्यांच्याकडे जावे, अशीही एक सूचना आम्ही मांडणार आहोत. आणि पूर्वी क्रुसापाशी एक पितळी हातघंटा असे. रंगकामाच्या वेळी ती कोणीतरी जपून ठेवायला घरी नेली होती. ज्यांच्याकडे असेल त्यांनी बैठकीला येताना आणावी.